डोळ्यातला वायू आणि इंदूरचे लग्न : बडोद्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका मराठी घराचे, म्हणजे आमच्याच घराचे आहे आणि ते मी सासूबाईंच्या परवानगीने लिहीत आहे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कोणती काळजी घ्यायची याची माहिती रुग्णालयातून मिळते. ती काळजी घरात कोण घेतो आणि ज्या माणसाचा डोळा आहे त्याला त्या निर्णयांमध्ये किती वाव राहतो, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आमच्या घरात हा प्रश्न नातीच्या लग्नाच्या निमित्ताने ऐरणीवर आला. वडीलधाऱ्या माणसाला कारण न सांगता केवळ मनाई सांगणे हे अनेक घरांत काळजीचे लक्षण मानले जाते. या प्रकरणानंतर माझे मत त्याच्या नेमके उलट झाले आहे.

आजार कसा लक्षात आला

सासूबाई 69 वर्षांच्या आहेत. घरात सासरे, माझे यजमान, मी आणि शाळेत जाणारा मुलगा असे आम्ही आहोत. सासरे बँकेतून निवृत्त झाले आहेत, मी शाळेत विज्ञान शिकवते. घराचा कारभार आजही सासूबाईंच्याच हाती आहे. श्रावणात पोथी वाचताना डावा डोळा पुसण्यासाठी त्यांनी पदर लावला, तेव्हा उजव्या डोळ्याला ओळीच्या मधली अक्षरे दिसेनात आणि समोरच्या खिडकीचे सरळ गज मध्येच वाकलेले दिसले. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकून टाकतो, त्यामुळे हे किती दिवस चालले होते ते सांगता येत नाही.

तपासणीत डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यबिंदूला आरपार भोक पडल्याचे निदान झाले. डोळ्याच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा एक पारदर्शक द्रव असतो. वयानुसार तो आक्रसतो आणि पडद्यापासून सुटतो. सुटताना तो मध्यबिंदूला ओढत राहिला तर तेथे भोक पडते. साठीनंतरच्या स्त्रियांमध्ये हे पुरुषांपेक्षा अधिक आढळते. एकेकाळी यावर उपाय नाही असेच मानले जात असे. 1991 मध्ये केली आणि वेंडेल या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी हे भोक शस्त्रक्रियेने बंद होऊ शकते असे दाखवून दिले आणि आज बहुतेक रुग्णांमध्ये ते पहिल्याच प्रयत्नात बंद होते.

शस्त्रक्रिया भाऊबीज झाल्यावर करायचे ठरले. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सुमारे अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रे करून आतला द्रव काढला गेला, पडद्यावरचा अतिशय पातळ पापुद्रा सोलला गेला आणि शेवटी पोकळीत परफ्लुरोप्रोपेन नावाचा वायू हवेत मिसळून भरण्यात आला. हा वायू हळूहळू रक्तात विरघळून जातो, पण त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. पुढचे सगळे प्रकरण या वायूभोवती फिरते.

पालथे राहण्याचे दिवस

डॉक्टरांनी पाच दिवस मान खाली ठेवायला सांगितले होते. तासातली पन्नास मिनिटे ओणवे, दहा मिनिटे मोकळी, रात्री पालथे किंवा कुशीवर आणि उताणे कधीच नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत हिंडूफिरू लागलेली माणसे सासूबाईंनी पाहिली होती, त्यामुळे ही शिक्षा त्यांना समजेना. पहिल्या दिवशी त्या कुरकुर न करता पडून राहिल्या, पण माझी पाठ वळली की उठून बसत. सासरे त्यांना दर थोड्या वेळाने टोकत आणि त्या गप्प होत. त्या गप्प होणे हे आमच्या घरात संमतीचे लक्षण नव्हे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक आहे.

संध्याकाळी मी पाण्याची एक पारदर्शक बाटली थोडी रिकामी ठेवून त्यांच्या हातात दिली. बाटली कशीही फिरवली तरी आतली हवा वरच जाते, हे त्यांनी स्वतः दोन-तीनदा करून पाहिले. मग मी सांगितले की भोक डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आहे. तोंड जमिनीकडे असेल तेव्हाच ती भिंत वर येते आणि वायू तिच्यावर दाबून बसतो. उताणे झोपले तर तोच वायू पुढे येऊन नैसर्गिक भिंगाला टेकतो, त्याने मोतीबिंदू लवकर वाढतो आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि विचारले, "मग मी बसून मान खाली घातली तरी चालेल?" चालेल, असे म्हटल्यावर त्यांनी पुढच्या दिवसाचा सगळा बेत स्वतःच आखला.

तो बेत आमच्यापैकी कोणालाही सुचला नसता. खंडेराव मार्केटातून मेथी आणि हिरवे वाल आणवून त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या, समोर परात घेतली, कपाळ टेकवायला दोन उशांची चळत लावली आणि भाजी निवडायला लागल्या. परातीत वाकून काम करताना मान आपोआपच हवी तशी खाली राहते. डाव्या डोळ्याला नीट दिसत होते आणि हातांना तर वर्षानुवर्षांची सवय होती. तांदूळ निवडायचा मोह त्यांनी स्वतःच टाळला, कारण त्याची धूळ डोळ्यापर्यंत उडते. दुपारी तुळशीच्या लग्नासाठी वाती वळल्या. पुढे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पथ्य कसे पाळले असे विचारले, तेव्हा त्यांनी मेथीचे नाव घेतले.

जेवणाची अडचण मात्र खरी होती. मान खाली असताना वरण-भात गिळणे अवघड जाते, ठसका लागतो. थालिपीठाचे तुकडे, पोळीचा लाडू आणि वाटीत घट्ट मुगाची खिचडी एवढेच सोयीचे पडले. पाणी आणि चहा नळीने घेतला. एका जागी बसून पोट जड होते आणि कुंथण्याने डोळ्यावर ताण पडतो, म्हणून रात्री इसबगोल सुरू केले. गुडघ्यांचे दुखणे जुने असल्यामुळे मांडी घालून ओणवे बसणे त्यांना शक्यच नव्हते. खुर्ची आणि टेबल याखेरीज दुसरा मार्ग नव्हता आणि ज्या घरांत अजून खाली बसायचीच पद्धत आहे त्यांनी ही सोय शस्त्रक्रियेच्या आधीच करून ठेवावी.

सर्वांत अवघड गोष्ट होती ती अंघोळीची आणि वेणीची. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसल्यामुळे डोक्यावरून अंघोळ बंद होती. मानेखालची अंघोळ त्या एकट्याने करू शकत होत्या, पण ओल्या फरशीवर एका डोळ्याने, मान खाली घालून वावरणे धोक्याचे होते. मी आत थांबते असे म्हटल्यावर त्यांनी सरळ नकार दिला. त्यांच्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात सगळे त्यांनीच केले होते आणि ती वेळ आपल्यावर आली असे त्यांना वाटत होते, हे मला नंतर कळले. अखेर त्यांनीच तोड काढली. दाराला कडी न लावता त्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतील आणि मी बाहेर उभी राहून बोलत राहीन. वेणी मात्र त्यांनी मला घालू दिली. या नात्यात एकमेकींच्या केसांना हात लावण्याचा प्रसंग सहसा येत नाही आणि तो आला तेव्हा दोघीही काही बोललो नाही. अशा वेळी मदत किती घ्यायची हे त्या माणसानेच ठरवावे, आपण फक्त हाकेच्या अंतरावर असावे, असे मला ठामपणे वाटते.

थेंब, वही आणि भेटायला येणारे

औषधांचे काम सासऱ्यांनी मागून घेतले. जंतुनाशक, सूज उतरवणारे स्टेरॉइड आणि बाहुली मोठी ठेवणारे असे तीन प्रकारचे थेंब होते, प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या आणि स्टेरॉइडची संख्या दर आठवड्याला कमी होत जाणारी. रुग्णालयाचा कागद गुजरातीत होता. सासूबाईंना गुजराती उत्तम वाचता येते, पण बारीक अक्षर एका डोळ्याने वाचवेना. सासऱ्यांनी जुन्या हिशेबाच्या वहीत मोठ्या मराठी अक्षरांत तक्ते आखले. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे, कारण लगेच दुसरा थेंब टाकला तर तो पहिल्याला धुऊन नेतो. एका वेळी एकच थेंब टाकायचा, कारण पापणीच्या आत त्याहून जास्त मावतच नाही. स्टेरॉइडची बाटली आधी हलवायची, कारण औषध तळाशी बसते. आणि बाटलीचे टोक पापणीला लावायचे नाही. सासऱ्यांचा हात किंचित थरथरतो, म्हणून ते हाताची कड सासूबाईंच्या कपाळावर टेकवत आणि मग थेंब सोडत. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती.

विचारपूस करायला येणाऱ्यांची वर्दळ हा मराठी वस्तीतला वेगळाच विषय आहे. येणारा प्रत्येक जण प्रेमाने येतो आणि एक उपाय ठेवून जातो. कोणी गुलाबपाणी सुचवले, कोणी मधाचे बोट, कोणी गाईच्या तुपाचे काजळ. शस्त्रक्रियेची छिद्रे ताजी असताना यांपैकी कोणतीही गोष्ट डोळ्यात गेली तर आत जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तसा संसर्ग थोड्या दिवसांत दृष्टी घेऊन जातो. वाढत जाणारे दुखणे, वाढणारी लाली, एकदम कमी झालेले दिसणे, विजेसारखे चमकणे किंवा कडेने पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो वा सण, तडक रुग्णालय गाठायचे, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेले होते. पाहुण्यांना नाही म्हणण्याचे काम मात्र सासूबाईंनीच केले. सुनेने नाही म्हटले असते तर त्याची चर्चा झाली असती.

कार्तिकी एकादशीला मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून देवाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो आणि सासूबाई दरवर्षी त्याच्या दर्शनाला जातात. या वर्षी त्या गेल्या नाहीत. गर्दीत कोपर लागेल, एवढेच त्या म्हणाल्या.

इंदूरचे लग्न

सासूबाईंची मुलगी, म्हणजे माझ्या वन्सं, इंदूरला दिल्या आहेत. त्यांच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. ही सासूबाईंची पहिली नात आणि बाळपणी ती आजोळीच अधिक राहिलेली. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना एक महिना पुरेसा आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर "विमानप्रवास टाळावा" एवढेच वाक्य होते. इंदूरला कोणी विमानाने जाणारच नव्हते. गाडीने सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता, सकाळी निघाले तर संध्याकाळपर्यंत पोहोचता येते.

अडचण विमानाची नसून उंचीची आहे. बडोदा समुद्रसपाटीपासून सुमारे 40 मीटरवर आहे, इंदूर माळव्याच्या पठारावर सुमारे 550 मीटरवर. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि बंद जागेतला वायू फुगतो. या दोन शहरांमधल्या उंचीच्या फरकाने दाब साधारण सहा टक्क्यांनी कमी होतो. डोळ्याची पोकळी सारी चार मिलिलिटरची. तिच्यातला एक तृतीयांश भाग वायूने भरलेला असेल तर सहा टक्क्यांची वाढ म्हणजे दीड-दोन थेंब. ऐकायला हे काहीच नाही, पण डोळ्याचे कवच ताणले जात नाही, त्यामुळे एवढ्या वाढीनेही आतला दाब चढू शकतो. चढ हळूहळू असेल तर डोळा आतले पाणी बाहेर सोडून काही प्रमाणात जुळवून घेतो, म्हणून प्रत्येक रुग्णाचा निर्णय वायू किती उरला आहे आणि डोळ्याचा मूळ दाब किती आहे यावर ठरतो. याच कारणाने बडोद्याहून अगदी जवळ असलेला पावागडही, जो सुमारे 800 मीटर उंच आहे, या काळात वर्ज्य असतो, मग तो पायऱ्यांनी चढा की रोपवेने.

लग्नाच्या आधीच्या तपासणीत सासूबाईंच्या डोळ्याचा दाब 27 मिलिमीटर पारा निघाला. तो 21 च्या आत असावा लागतो. काही माणसांत स्टेरॉइडच्या थेंबांनीच दाब वाढतो, तसे ते होते. डॉक्टरांनी स्टेरॉइड कमी केले, दाब उतरवणारा थेंब सुरू केला आणि इंदूरला जाऊ नये असे स्पष्ट सांगितले.

घरी आल्यावर मतभेद झाला. यजमानांचे म्हणणे होते की आईला कारणांच्या खोलात नेऊ नये, डॉक्टरांनी नाही म्हटले एवढे पुरे, नाहीतर ती उगाच घाबरेल. वन्संनी फोनवर सांगितले की त्यांच्या जाऊबाई मोतीबिंदूनंतर तिसऱ्या दिवशी प्रवास करून आल्या होत्या आणि आम्ही फार बाऊ करत आहोत. त्यांच्या बोलण्यात राग होता, पण त्याच्या मुळाशी आई नसताना मुलीला बोहल्यावर चढवायचे दुःख होते, हे समजून घेणे अवघड नव्हते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंग बसवतात, वायू भरत नाहीत, म्हणून ती तुलना लागू पडत नाही; पण ही गोष्ट मी सांगण्यापेक्षा सासूबाईंनी सांगण्यात फरक होता, म्हणून मी त्यांना सगळे आकडे सांगितले.

मला वाटले होते त्यापेक्षा त्यांना ते लवकर उमगले, कारण तोवर त्या स्वतः वायूवर लक्ष ठेवू लागल्या होत्या. पहिले काही दिवस उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि हलणारा हात कळत होता. मग वरून एक स्वच्छ पट्टी दिसू लागली आणि तिच्या खाली हलणारी, पाण्याच्या पातळीसारखी रेघ. वायू डोळ्यात वर तरंगतो, पण पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्याने तो दिसतो खाली. तो कमी होतो तशी रेघ खाली उतरते. सासूबाई रोज सकाळी डावा डोळा झाकून, ठरलेल्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत आणि रेघ तारखांच्या कितव्या ओळीवर आहे ते सासऱ्यांना वहीत लिहायला सांगत. त्या रात्री त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, रेघ अजून चौथ्या ओळीवर आहे. ती कॅलेंडरच्या खाली उतरली असती तर मी कोणाचे ऐकले नसते," असे त्या म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत असे नाही. पण निर्णय त्यांचा होता आणि वन्संनीही तो तसाच स्वीकारला. डॉक्टरांचा किंवा भावजयीचा निर्णय म्हणून तो आला असता तर पुढची अनेक वर्षे तो बोचत राहिला असता.

तोडगाही त्यांनीच सांगितला. लग्नाआधी मुलीला आजोळी केळवण असतेच; ते एरवी इंदुरातच कोणाच्या तरी घरी उरकले असते, ते आता बडोद्याला करायचे ठरले. नात दोन दिवस येऊन राहिली. सासूबाईंनी टेबलाशी बसून पुरण वाटून घेतले, फोडणीच्या वेळी त्या स्वयंपाकघराबाहेर थांबल्या आणि ओवाळताना निरांजन लांब धरले. लग्नाच्या दिवशी घरातले बाकीचे इंदूरला गेले आणि सासऱ्यांनी कोणी विचारण्याच्या आधीच आपण बडोद्याला थांबणार असे जाहीर केले. मंगलाष्टके दोघांनी फोनवर ऐकली.

या काळात आणखी एक खबरदारी घेतली गेली, तिचा उल्लेख करणे आवश्यक आहे. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड डोळ्यातल्या वायूत शिरून त्याला झपाट्याने फुगवतो. अपघात झाला किंवा दुसऱ्या कशासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, तर समोरच्या डॉक्टरला हे ठाऊक असणे अत्यंत गरजेचे असते. सासऱ्यांनी "उजव्या डोळ्यात वायू आहे" असे गुजराती आणि इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी सासूबाईंच्या पाकिटात ठेवली आणि वायू पूर्ण गेल्यावरच ती काढली.

सध्याची स्थिती

नवीन वर्षाच्या सुरुवातीला रेघेचा आधी एक लहान गोल झाला आणि मग तोही दिसेनासा झाला. भोक बंद झाले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी उजव्या डोळ्याची दृष्टी 6/60 होती, म्हणजे चांगल्या डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारे अक्षर त्याला 6 मीटरवरूनच दिसे; ती आता 6/24 आहे आणि अजून काही महिने ती सावकाश सुधारू शकते. खिडकीचे गज अद्याप किंचित वाकडे दिसतात, पण मधले अक्षर गायब होत नाही. डोळ्याचा दाबही थेंब बंद करूनही ठीक राहिला आहे. संक्रांतीला त्या हलव्याचे दागिने घेऊन इंदूरला जाऊन आल्या. दुसऱ्या डोळ्यालाही असे भोक पडण्याची शक्यता असते, म्हणून चौकटींचा एक कागद देवघराशेजारी लावला आहे आणि रेघा वाकलेल्या दिसतात का हे एकेक डोळा झाकून त्या पाहतात.

अशा शस्त्रक्रियेनंतर या वयाच्या बहुतेक रुग्णांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो आणि सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात त्याची सुरुवात झाली आहे. ती शस्त्रक्रिया मला मे महिन्याची सुट्टी लागल्यावर करावी असा माझा आग्रह होता. मागच्या तपासणीत त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारले की या वेळी वायू भरणार का, मान खाली ठेवावी लागेल का आणि उंचीवर जाण्यास बंदी असेल का. तिन्हींचे उत्तर नाही असे मिळाल्यावर त्यांनी सुट्टीची वाट न पाहता एप्रिलमधली तारीख घेतली, कारण मे महिन्यात नात माहेरपणाला येते आणि तेव्हा त्यांना इंदूरला जायचे आहे.